बरडावरची प्रॅक्टिस

माझे सासरे आज सकाळी गेले.

त्यांच्याशी मी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले, तेव्हा मी चक्क त्यांच्यावर ओरडले होते.

केदारखेड्यात आम्ही सासऱ्यांना मामा म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. ह्यांची नोकरी सीड कंपनीत, महिन्यातले वीस दिवस टूरवर. घरात मी आणि मामा.

मी पदर सावरत उंबऱ्यात चहा ठेवायचे. ते घ्यायचे. झालं आमचं बोलणं.

मामांकडं लायसन्सची बारा बोरची बंदूक होती, रानडुकरांसाठी घेतलेली. औरंगाबादला त्यांनी एकदा हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायचा खेळ बघितला आणि पंचावन्नाव्या वर्षी त्या माणसाला वेड लागलं. जालन्याच्या वेल्डरकडून त्यांनी स्प्रिंगचं मशीन करून आणलं. तबकडी ठेवायची, दोरी ओढायची, की ती सूंऽऽ करत उडते.

पण दोरी ओढायला दुसरं माणूस लागतं.

"सूनबाई, येतीस का बरडावर?"

बरड म्हणजे गावाबाहेरची आमची खडकाळ जमीन. तिथं आम्ही दोघं, आणि चिटपाखरू नाही.

कुणीतरी दिलेलं एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडं होतं. मी बी.ए. झालेली. वाचून मराठीत सांगायचे. दोन्ही डोळे उघडे. गाल लाकडाला चिकटलेला. नजर तबकडीवर, नळीवर नाही. ट्रिगर दाबल्यावरही बंदूक फिरतीच ठेवायची.

ते "सोड!" म्हणायचे. मी दोरी ओढायची.

एक दिवस राहवलं नाही.

"मामा, गाल उचलू नका!"

पदर खांद्यावर, आवाज पार शिवारभर. मी थिजले.

मामा वळले. "बराबर हाय. आणखी जोरात सांगत जा."

त्या दिवसापासून बरडावर मी कोच. घरी परतलो की पुन्हा पदर, पुन्हा उंबरा.

दोनेक वर्षांत दहातल्या आठ फुटायला लागल्या. औरंगाबादच्या एका कॉम्पिटिशनचा फॉर्मही आम्ही भरला.

आणि नेमकं तेव्हाच डावीकडून येणाऱ्या सगळ्या तबकड्या सुटायला लागल्या.

मी पुस्तक चाळलं. बंदूक थांबते, म्हणून चुकतं, असं ठरवलं. त्यांना रोज अंगणात रिकामी बंदूक फिरवायला लावली. पन्नास वेळा. दंड भरून यायचे, पण करायचे.

चिडून एकदा मी म्हणाले, "मामा, तुम्ही लक्षच देत नाही."

"चुकलं. पुन्हा सोड."

कॉम्पिटिशनच्या आठवड्यात मी पाणी घेऊन त्यांच्या डाव्या बाजूनं गेले. ते वळले आणि सरळ माझ्यावर आदळले. तांब्या खडकावर.

मी बंदूक खाली ठेवायला लावली. त्यांचा उजवा डोळा हातानं झाकला. "मामा, किती बोटं?"

त्यांनी मान थोडी वळवली. मग म्हणाले, "तू समोर हायेस का?"

"कधीपासून?"

"वरीस झालं कमी व्हायला."

"मग सांगितलं का नाही? मी तुम्हाला किती बोलले!"

"सांगितलं असतं, तं तू मशिनीपाशी कशाला आली असतीस? घरात तं तू बोलत न्हाईस. हितं वरडून राह्यली, म्हंजी बरं वाटतं."

मला रडू आलं. ते तांब्या शोधत राहिले.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. दुसरा डोळाही चाललाय. बंदूक पोलीस स्टेशनला जमा झाली.

मग बरडावर जायला कारण उरलं नाही.

मी घरातही बोलायला हवं होतं. मला माहीत होतं ना आता. पण उंबऱ्याशी आले की जीभ उचलायची नाही. पुढं पोरांच्या शाळेसाठी आम्ही औरंगाबादला आलो. "चला ना मामा," म्हटलं. "हितंच बरं हाय," म्हणाले. मी एकदाच विचारलं.

रविवारी फोन. "बरं हाय ना?" "हो, बरंय." "मंग ठेवतो."

इतकी वर्षं इतकंच.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला केदारखेड्याला गेले होते. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. "जेवलीस का?" म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन बसले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी उठले.

पुढची जीप तासाभरात होती, मामा. मला घाई नव्हती.

आता अंगणात माणसं भरलीत. त्यांची खोली रिकामी आहे. मी तिथंच बसून हे लिहितेय.

मामा, सावकाश जा.

तुमच्या सुनेचा अखेरचा नमस्कार.