हिराबाईंचा ल

"अक्षरं अजून मोठी करू का?" मी विचारलं.

"नगं सर. भिताडाएवढी केली तरी मला न्हाई वाचता यायची," हिराबाई म्हणाल्या.

मळवलीच्या एका महिला बचत गटाच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. हा गट इंद्रायणी तांदूळ पाकिटांत भरून विकतो. मी तळेगावच्या एका कारखान्यात आयटी विभागात होतो. निवृत्तीनंतर आसपासचे कॉम्प्युटर बघतो. गटाला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यात लिनक्स होतं, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी सिस्टिम. ऑर्डरी नोंदवायचं आणि लेबलं छापायचं काम हिराबाईंकडे होतं. त्या डोंगराकडच्या ठाकरवाडीतल्या, पन्नाशीला आलेल्या. दोन वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकलेल्या. पुस्तक नीट वाचायच्या. स्क्रीनवर मात्र दर ओळीला अडायच्या.

गटाच्या अध्यक्ष शैलाताई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "सोमवारपासून पुण्याची मोठी ऑर्डर आहे, सर. यांना जमत नसेल तर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. कालच्या यादीत त्यांना माझं नावसुद्धा वाचता आलं नाही."

मी नेहमीचे उपाय करून पाहिले. रिझोल्यूशन मॉनिटरला जुळवलं, म्हणजे चित्र ताणलेलं दिसत नाही. अँटी-अलायझिंग चालू केलं. त्याने अक्षरांच्या कडा करवतीसारख्या न दिसता गुळगुळीत होतात. स्क्रीन एकदम स्वच्छ झाली. हिराबाई तिथेच अडल्या.

शेवटी मी त्यांना एक लेबल मोठ्याने वाचायला सांगितलं.

"इंद्रायणी तांदूळ," त्या भरभर म्हणाल्या. "पाच कि..." थांबल्या. मग "मळव..." आणि पुन्हा थांबल्या.

किलो. मळवली. मी त्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे कोणतं?"

"ठावं न्हाई."

"हा ल आहे."

"ह्यो ल न्हाई, सर." त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ल काढून दाखवला. "आमाला बाईंनी ह्यो शिकवला."

वहीतल्या ल ला दोन वाट्या होत्या, मधोमध आखूड देठ. स्क्रीनवरच्या ल ला उजवीकडे सरळ काना. तो हिंदी वळणाचा ल. आपण लहानपणापासून दोन्ही बघतो, त्यामुळे फरक जाणवतच नाही. हिराबाईंनी एकच पाहिला होता. त्यांचं बरोबर होतं.

"असं आनिक एखादं अक्षर आहे का?" मी विचारलं. नकळत त्यांच्यासारखंच बोललो.

त्यांनी 'श' वर बोट ठेवलं. त्याचंही तेच.

आता काम सोपं होतं. काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं, तर फॉन्ट मराठी वळण दाखवतो. त्या कॉम्प्युटरवर भाषा हिंदी लावलेली होती. मी ती मराठी केली. लेबलांच्या फाइलमधला ल लगेच बदलला. मेनूतला बदलेना, कारण तिथल्या फॉन्टमध्ये मराठी वळणच नव्हतं. मग मोबाइलच्या इंटरनेटवरून दुसरा फॉन्ट उतरवला आणि देवनागरीसाठी आधी हाच वापर, असं सिस्टिमला सांगितलं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

हिराबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. कालची यादी उघडली. "अध्यक्ष, शैला," त्यांनी वाचलं. मग किलो, मळवली, लोणावळा. पुढे मी सांगितलंही नव्हतं, तरी त्या मेनू वाचू लागल्या. फाइल, उघडा, शोधा, छापा. प्रत्येक शब्दाला चेहरा फुलत होता.

शैलाताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आत येऊन त्या हिराबाईंच्या शेजारी बसल्या. "मला वाटलं तुम्हाला वाचताच येत नाही."

"मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं," हिराबाई म्हणाल्या. मग दोघीही हसत सुटल्या. मला चहा मिळाला, वर कांदाभजी.

पुण्याची ऑर्डर हिराबाईंनीच पाठवली. आता वाडीतल्या आणखी दोघी त्यांच्याकडे कॉम्प्युटर शिकायला येतात.

मी मात्र कामाची पद्धत बदलली. स्क्रीनवर वाचता येत नाही असं कुणी म्हणालं, की सेटिंग उघडायच्या आधी नेमकं कोणतं अक्षर अडलं ते विचारतो.