मधला माणूस

सगळ्या जगाची नड ओळखणारा आणि स्वतःच्या हाताने एक खिळाही न ठोकलेला माणूस अख्ख्या शहाद्यात एकच, तो म्हणजे माझा आतेभाऊ. पुण्याच्या एका कंपनीत तो प्रॉडक्ट मॅनेजर. आत्याने अंथरूण धरल्यापासून घरूनच काम करायचा. मोबाइलवरचं ॲप लोकांना कसं हवंय ते शोधायचं आणि बनवणाऱ्यांकडून तसं करून घ्यायचं, हे त्याचं काम. आत्याने एकदा विचारलं, "तू नेमकं काय करस रे?" तर म्हणाला, "माय, बनाडनारा येगळा, वापरनारा येगळा. मी दोन्हीस्ना मधमा उभा ऱ्हास." दिवसभर फोनवर बोलत असायचा, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या आवाजावर आत्या निश्चिंत पडून असायची.

गेल्या वर्षी कंपनीने कळवलं, की नुसतं मधे उभं राहून आता भागायचं नाही; सहा महिन्यांत प्रोग्रामिंग शिका आणि स्वतः काहीतरी बनवून दाखवा. पंचेचाळीस वर्षांचा हा गडी शाळकरी पोरासारखा वह्या घेऊन बसला. माझ्या साड्यांच्या दुकानातल्या कप्प्यांना तो डेटाबेस म्हणू लागला. एखादीने गुलाबी साडी मागितली की "मावशी, ही झाली तुमची क्वेरी," म्हणून तिला समजावायला लागायचा, आणि मावशी मुकाट्याने शेजारच्या दुकानात जायच्या. मग त्याने स्वतःचं पहिलं ॲप बनवलं: धडगावला जाणाऱ्या जीपा किती वाजता सुटतात ते सांगणारं. स्टँडवर मोठ्या अभिमानाने दाखवलं, तर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "साहेब, जीप टाइमवर निंघत नही. भरी गई का निंघस." लहानपणापासून त्याच जीपमध्ये तासन् तास सीट भरायची वाट बघत बसलेला हा माणूस. जन्मभर लोकांना विचारून काम केलं, आणि शिकण्याच्या नादात नेमकं विचारायचंच राहिलं.

पण खचला नाही. ॲपमधून वेळ काढून टाकली, किती सीट बाकी आहेत ते दाखवायची सोय केली. ड्रायव्हर खरंच वापरू लागले. कंपनीला दाखवलं, तिथेही सगळ्यांनी वाखाणलं. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्यासारख्या सगळ्यांच्या जागा रद्द झाल्याचं पत्र आलं. मला इतका संताप आला, की दोन दिवस गिऱ्हाइकांशीही धड बोललो नाही. तो मात्र एवढंच म्हणाला, "मायले सांगजो नको."

परवा आत्याला बघायला गेलो. आतल्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. मी दारातूनच हाक मारली, तर आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "धीरे बोल. पोऱ्यानी मिटिंग चालू शे." मला वाटलं, दुसरीकडे लागला वाटतं. आनंदाने आत डोकावलो. फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता, लॅपटॉप बंद होता, आणि आतेभाऊ भिंतीकडे तोंड करून आपल्या ॲपमध्ये सीट कशा मोजल्या जातात ते अगदी बारकाईने समजावत होता. मला पाहिलं आणि तो वाक्याच्या मधेच थांबला.

बाहेर आत्या कान देऊन होती. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने, आवाज बदलून, शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत विचारलं, "सर, हे काम कधीपर्यंत पूर्ण होईल?"