देवळातली तापलेली फरशी

आंघोळीनंतर छोटा आरसा धरून मी तळपाय बघते. मधुमेह आहे, रोज बघावे लागतात. आरसा हातात घेतला की कसब्यातल्या त्या देवळाची तापलेली फरशी आठवते.

भर उन्हाळ्यातली दुपार होती. आम्ही सगळे अनवाणी, उड्या मारत सावलीकडे पळालो. बाबा मात्र संथपणे प्रदक्षिणा घालत राहिले.

"अहो, पाय भाजत नाहीत का?" आईने विचारलं.

"छे, काहीच जाणवत नाही," बाबा म्हणाले.

आईने तिथेच हात जोडले. "श्रद्धा असावी तर अशी," ती मला म्हणाली.

साखरेने त्यांचे तळवे बधिर केले होते, हे फोड चिघळल्यावर कळलं.

माझे तळवे आरशात स्वच्छ दिसतात. तरी मी नखाने टोचून बघते. दुखलं की हायसं वाटतं.