प्रमिलाताईंचं फ्रेंच

या प्रवासाबद्दल लिहायला बसलो तेव्हा पहिलं नाव आठवलं ते कुसुम वानखडे बाईंचं. बाई दर्यापूरला आठवीत आम्हाला मराठी शिकवायच्या. माझे आईवडील भाजीपाला पिकवणारे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळा सुटली की बाई मला थांबवून घेत आणि मोठ्याने वाचायला लावत. बोलण्यात वऱ्हाडी आली, की तेच वाक्य शुद्ध करून पाच वेळा म्हणवून घेत. त्या शिस्तीच्या बळावर मी पुण्याला गेलो, मुलाखतीत न अडखळता बोललो, फ्रेंच शिकलो आणि आज तेच शिकवतो. माझ्याजवळ जे काही आहे ते बाईंचं आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक वेगळी विद्यार्थिनी आली. प्रमिलाताई धांडे. वय बहात्तर, माहेर अकोल्याचं, उभी हयात नाटक-चित्रपटात गेलेली. तरुणपणी त्यांनी एका फ्रेंच चित्रपटात काम केलं होतं. तिकडच्या पडद्यावर तो पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. त्यांना न सांगता तो बदलला होता. पुढे तिकडून बोलावणं आलं नाही, आणि इकडे सासूच्या भूमिका सुरू झाल्या. आता इतक्या वर्षांनी एका तरुण फ्रेंच दिग्दर्शिकेने त्यांना विचारलं होतं. भूमिका होती वऱ्हाडातून गेलेल्या, फ्रान्समधल्या एका गावच्या बाजारात चाळीस वर्षं भाजी विकणाऱ्या म्हातारीची. दोन प्रसंग फ्रेंचमध्ये बोलून, मोबाईलवर चित्रित करून पाठवायचे होते. मग निर्णय.

"चेहरा कसाही दाखवोत," ताई म्हणाल्या, "या खेपेले आवाज माहा पाहिजे. आठ दिवस वऱ्हाडात चाल माह्यासंगं. मले बजार पाहू दे, तू फ्रेंच घे."

माझ्याशी त्या वऱ्हाडीतच बोलत. मी पुस्तकी मराठीत उत्तर देई.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि चांगलीच थंडी होती. अमरावतीत राजापेठेजवळच्या एका लॉजवर सामान टाकलं. लॉजचा मालक चिखलदऱ्याची गाडी करून द्यायला निघाला होता. "डोंगर पाहायले नाही आलो बापा," असं सांगून ताईंनी त्याला वाटेला लावलं. नाश्त्याला गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. ताईंनी दुसरी प्लेट मागितली आणि मला बजावलं, "हे पुण्यात माह्या डॉक्टरले सांगू नको."

राजापेठेत माझी अनुसयाआत्या भाजी विकते. शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या दुचाकी तिच्या टोपल्यांना घासून जातात आणि ती मान वर न करता प्रत्येकाच्या बापाचा उद्धार करते. मी ताईंची ओळख करून दिली. काम बघायला आल्यात, त्यांना जरा शिकवशील का, असं विचारलं. आत्याने आधी मलाच न्याहाळलं.

"पाहा बाई, आमचा गजू. घरातलाच पोट्टा, पण बोलते कसा, गिऱ्हाईकासारखा."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

पुढचे तीन दिवस ताई पोत्यावर बसून सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या बांधायला शिकल्या. बारक्या काड्या आत, लांब टवटवीत बाहेर. मुळं तळहातावर आपटून सारखी करायची, चिंधीचा वेढा द्यायचा, वरून पाण्याचा एक हबका. पहिली जुडी हातातच सुटली.

"हातात जोर नाही का व?" आत्या म्हणाली. "नुसता मेंदीचा हात हाय हा."

"नाटकात जोर तोंडाले लागते," ताई म्हणाल्या.

"मंग इथं बी तोंडालेच लागते. हात आपला आपण शिकते."

दुसऱ्या दिवसापासून ताई जुड्या बांधता बांधता फ्रेंच वाक्यं म्हणू लागल्या. एकदा एका बाईने भाव विचारला आणि ताई तंद्रीत फ्रेंचच बोलल्या. बाई चकित होऊन आत्याकडे बघू लागली.

"पुण्याच्या हायत," आत्या म्हणाली. "तिकडं असंच बोलतात."

त्या वाक्यांमध्ये आत्याचं बोलणं उतरत होतं. वाक्य अर्ध्यात तोडायचं, शेवटचा शब्द टोपलीत फेकल्यासारखा टाकायचा. उच्चार खडबडीत होते. मी वहीत एकेक चूक टिपत होतो आणि संध्याकाळी लॉजवर बसवून प्रत्येक वाक्य पाच पाच वेळा म्हणवून घेत होतो.

"ताई, तुमच्या फ्रेंचमध्ये वऱ्हाडी येतेय."

"येऊ दे ना. ते म्हातारी कोठची हाय?"

"असं बोललात तर ते पुन्हा तुमचा आवाज काढून टाकतील."

यावर त्या पुन्हा पहिल्यापासून वाक्य म्हणू लागल्या. ती भीती मीच त्यांच्या मनात घातली.

चौथ्या दिवशी आम्ही प्रवासी जीपने दर्यापूरला निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस. वाटेत जीप पंक्चर झाली आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. एका म्हाताऱ्याने ताईंना विचारलं, "बाई, तुमी टीव्हीत दिसता का?"

"दिसत होतो," ताई म्हणाल्या.

घरी आईने सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि भाकर केली होती. ताई चुलीपाशी बसून आईशी तासभर बोलल्या. मी आलो की आईचं बोलणं आखडायचं. ती शब्द शोधू लागायची. मला वाटलं, पाहुण्यांमुळे असेल.

तिथून अकोल्याला. ताईंचं माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, म्हणून त्यांच्या भाचीकडे उतरलो. दुपारी चित्रण करायचं ठरलं. ताई फरशीवर बसल्या, भाचीने बाजारातून आणलेला सांबार पुढ्यात घेतला आणि जुड्या बांधता बांधता दोन्ही प्रसंग एका दमात बोलल्या. भाची मधेच हसली. फ्रेंचचा एक शब्द तिला येत नाही.

"मले काही समजलं नाही," ती म्हणाली, "पण ही म्हातारी लबाड हाय, एवढं समजलं."

मी मात्र चुका मोजत होतो. अकरा झाल्या. मी ताईंना खुर्चीवर बसवलं, हातातला सांबार काढून घेतला आणि पुन्हा घेतलं. पाचव्या वेळी एकही चूक झाली नाही.

"कोणतं पाठवू?" ताईंनी विचारलं. "तू शिकलेला हायस."

मी शेवटचं, बिनचूक झालेलं निवडलं. गोंधळ नको म्हणून पहिलं माझ्या मोबाईलमधून पुसून टाकलं.

पुण्याला परतल्यावर चौथ्या दिवशी उत्तर आलं. ताईंची निवड झाली होती. चेहरा दिग्दर्शिकेला फार आवडला होता. मात्र भाषा वर्गात शिकलेल्या बाईची वाटते, बाजारात आयुष्य गेलेल्या बाईची वाटत नाही. त्यामुळे आवाज दुसऱ्या कलावतीचा घेऊ, असं त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं.

मी मंडईतून कोथिंबीर घेऊन ताईंच्या घरी गेलो. पुन्हा चित्रण करू म्हटलं. ताई जमिनीवर बसल्या. जुड्या सुरेख बांधल्या गेल्या, पण वाक्यं मी शिकवली तशीच येत राहिली, एकेक शब्द स्वच्छ. तीन वेळा करून त्यांनी हात पुसले.

"जाऊ दे गजानन. तू चांगलं शिकवलं." त्यात टोमणा नव्हता.

"मग त्यांना नकार कळवायचा का?"

"बहात्तर झाले. पुन्हा कोण बोलावते मले?"

त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. ते असं.

‘आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला बोलायला शिकवलंत म्हणून मी दर्यापूरच्या बाहेर पडू शकलो. ते ऋण मी विसरलेलो नाही. तुम्ही केलंत तसंच मी प्रमिलाताईंसाठी केलं, पाच पाच वेळा म्हणवून घेतलं. पण मला बाहेर जायचं होतं आणि ताईंना परत यायचं होतं, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. यात तुमचा दोष नाही. तुम्ही माझ्याकडे बघून शिकवत होतात, मी वहीकडे बघून शिकवलं.

पुढच्या महिन्यात ताई निघतील. विमानतळावर मी जाणार आहे. तिकडे त्यांना कोणाची मदत लागणार नाही, इतकं शुद्ध फ्रेंच आता त्या बोलतात.

चित्रपट इकडे आला तर जरूर पाहा. चेहरा ताईंचा असेल. आवाज त्यांचा नसेल. तो मी राजापेठेत तीन दिवस ऐकला होता, आणि दुरुस्त केला.

तुमचा विद्यार्थी,
गजानन’