ज्याला दुखत नाही त्याला भूल

डॉक्टरांवर माझा मुळातच भरवसा नाही. रोडपालीला इमारती उठत होत्या, तेव्हा माझा नवरा परांचीवरून पाठीवर पडला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. कण्याला मार बसला आणि छातीखाली काही कळेनासं झालं. पुढे मूत्राशयात खडा झाला, पनवेलच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, आणि सर्जन म्हणाले, भूल द्यावी लागेल.

"कशाला? त्यांना कुठे काय कळतंय?"

"द्यावीच लागते," म्हणून साहेब चालते झाले. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याला कारण होतं. सासूबाई रोज सकाळी देवपूजा झाली की मुलाच्या तळव्याला टाचणी टोचायच्या आणि पाय टुणकन उडायचा. "बग, उडला! जीव हाय त्यान. डाक्टरला काय कलतंय?" मग पायाला अंगारा लावायच्या. मीही पदर खोचून तो पाय उडायची वाट बघत उभी राहायची. नवरा छताकडे बघत पडलेला असायचा.

म्हणजे बघा, पाय उडतो, वर भूल लागते, म्हणजे दुखतंच! मग "काही कळणार नाही" असं आम्हाला का सांगितलं? कुणाची चूक झाकताहेत हे लोक? माणूस पुन्हा चालू लागणार असेल आणि हे त्याला निजवून ठेवत असतील तर? मला रात्रभर झोप नाही.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी बाहेरच गाठलं. "खरं काय ते सांगा. टाचणी टोचली की पाय उडतो, मग दुखत कसं नाही? उगाच बनवू नका."

बाई चिडल्या नाहीत. "लघवीची नळी तुंबली की त्यांचं डोकं ठणकतं का? चेहरा लाल होतो, घाम फुटतो?"

होत होतं तसं. यांना कुणी सांगितलं?

"खाली काही टोचलं, कापलं, की खालचं शरीर बिथरतं. डोक्याला त्याचा पत्ता नसतो, पण रक्तदाब एकदम चढतो. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. भूल त्यासाठी. आणि पाय उडतो तो कण्यातल्या कण्यात, मेंदूपर्यंत काही पोचतच नाही. त्यावरून पाय परत येत नाहीत हो."

म्हणजे रोजची टाचणी, अंगारा, सगळं फुकट!

"मिस्टरांना हे माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पडले तेव्हाच त्यांना सांगितलं होतं म्हणे."

साऱ्या जगावर संशय घेतला बाई मी, या एका माणसावर घ्यायचा राहिला! तशीच आत गेले. ते स्ट्रेचरवर होते.

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी मान वळवली. "सांगितलं असतं, तर माहेरी निघून गेली असतीस."

असा संताप आला! आणि रडूही. स्ट्रेचर न्यायला सिस्टर आल्या, त्यांना म्हटलं, "थांबा जरा." मग नवऱ्याला म्हटलं, "आता जा. पण परत यायचं. मला तुमच्याशी भांडायचंय."

दुपारी ते बाहेर आले. मी पोटभर भांडले.