कंबरभर पाणी

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्यानं चिकलठाण्याच्या पुढं घर बांधलं आणि मागच्या अंगणात छोटासा स्विमिंग पूल करून घेतला. लहानपणी लासूर स्टेशनजवळच्या विहिरीत ते पोहायला शिकले होते. मी विरोध केला नाही. आयुष्यभर कारखान्यात पाळ्या केलेल्या माणसानं स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती.

जाळीनं पानं काढणं, भिंती घासणं, क्लोरीन मोजून टाकणं, पंपाचं बिल, टँकर, सगळं तेच बघायचे. मी फक्त टॉवेल वाळत घालायची.

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला; उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा पूल हिरवागार झाला होता. तळ दिसेना, वर डासांचे थवे. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बुजवून टाक तो. तुझ्याच्यानं नाही होणार."

मलाही पटलं होतं. पण यांची नजर दिवसभर खिडकीतून तिकडंच असायची.

शेवटी पुलाची औषधं विकणाऱ्या चाचांना बोलावलं. साठीचे गृहस्थ, पँट दुमडून काठावर बसले आणि पाण्याचा वास घेतला.

"सगळं पाणी सोडून द्यावं लागेल ना?" मी विचारलं.

"नाय भाभी. इतकं पाणी पुन्हा कुठनं आणता? चार दिवस द्या मला."

चार दिवस पंप बंद केला नाही. ते सांगतील तसं मी ब्रश मारला, गाळणी धुतली, संध्याकाळी क्लोरीन टाकलं. हाताची सालं निघाली. पाचव्या दिवशी तळाच्या निळ्या फरशा दिसल्या. मी यांना चाकांच्या खुर्चीवरून काठाशी नेलं. ते फरशांकडं बघत राहिले.

पाण्यात चालण्याचा व्यायाम डॉक्टरांनीच सांगितला. कठडा बसवला, व्यायाम शिकवणारा मुलगा येऊ लागला. पण उन्हाळ्यात पाणी रोज उडून जायचं आणि गल्लीत नळ आठ-आठ दिवस यायचा नाही. आमच्या दारात टँकर लागला की शेजारीण फाटकात उभी राहायची. एकदा म्हणाली, "ताई, आमच्याकडं प्यायला नाही हो." ती रागावली नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

मी हे घरात सांगितलं. यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "बंद... करू."

चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "अर्धंच ठेवा की. पाणी ओढायचं वरचं तोंड बंद करतो, पंप खालच्या जाळीतून पाणी ओढंल. चालायला कंबरभर बस झालं." वरून झाकायला त्यांनी जाड ताडपत्री आणून दिली. टँकर महिन्याकाठी एखादाच लागू लागला. क्लोरीनही कमी झालं.

व्यायामाचा मुलगा सुट्टीवर गेला त्या आठवड्यात मी जुना पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरले. जन्मात कधी उतरले नव्हते. कठडा सोडवेना. यांनी चांगला हात पुढं केला.

"हळू," ते म्हणाले.

उजवा हात अजून तसाच आहे. पण आता ते काठी घेऊन फाटकापर्यंत जातात आणि शेजारणीची विचारपूस करून येतात.