दिवा पुढच्या ओळीत आहे

ताईंचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली मागची खोली. एक टेबल, दोन स्क्रीन आणि दाराशी सासूबाईंचा पहारा. मशिनं सगळी दूर दुसऱ्या शहरात, एका थंडगार हॉलमध्ये ओळीने उभी. ताई इथे काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायच्या, की तिथलं मशीन बंद व्हायचं, चालू व्हायचं, पंखे किती जोरात फिरतायत नि अंग किती तापलंय तेही सांगायचं. सासूबाई शेजारणीला ऐकवायच्या, "आमची सून कुकर लावता लावता दोनशे मशिनं हाकते हो!" थोडं वाढवून सांगायच्या, पण फार नाही.

नुसता हुकूम सोडून डिस्क मात्र बदलत नाही, तिला माणसाचे हात लागतात. ते हात काकांचे. काका त्या हॉलचे तंत्रज्ञ, साठीला टेकलेले, गुडघ्यांनी बेजार. नऊ वर्षं दोघं फोनवर बोलत होते, भेट एकदाही नाही. मशिनं सगळी एका तोंडवळ्याची, म्हणून प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला एक निळा दिवा असतो. ताईंनी इथून हुकूम दिला की तो लुकलुकायचा आणि काका त्या मशीनला हात घालायचे. नंबर त्यांनी कधी विचारला नाही.

एरवी हा दिवा पंधरा सेकंदांत आपोआप विझतो. आता पंधरा सेकंदांत काकांचे गुडघे कुठले पोचायला! म्हणून ताई त्यांच्यासाठी वेगळा हुकूम द्यायच्या, मी सांगेपर्यंत विझायचं नाही असा. काम झालं की आठवणीने विझवायच्या. हळूहळू हॉलमध्ये काम कुणीही करो, त्यांच्या बोटांना तोच हुकूम सवयीचा झाला.

एका मंगळवारी काकांची सुट्टी होती. बदलीच्या माणसाने पहिल्या ओळीतल्या एका मशीनची डिस्क बदलली. त्या मशीनवर कितीतरी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट होत्या. फोन ठेवतात न ठेवतात तोच दूध उतू गेलं म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. ताई धावल्या, आणि दिवा विझवायचा राहून गेला.

बुधवारी सकाळी अकराला दुसऱ्या ओळीतल्या एका मशीनने कुरकुर सुरू केली. ताईंनी त्याचा दिवा लावला आणि काकांना फोन केला. "काका, वरून तिसरी डिस्क. दिवा लावलाय."

"दिसला, दिसला," काका म्हणाले आणि फोन खांद्यात धरूनच त्यांनी डिस्क ओढली.

स्क्रीनवर लाल पट्टी आली, पण ती भलत्याच मशीनची, कालच्या. तिथे नव्या डिस्कवर माहिती उतरवायचं काम अजून चालूच होतं. एक डिस्क कमी असली तर ते मशीन कसंबसं तग धरतं, पण दोन गेल्या की कारभार आटोपला.

ताईंना सगळं एका क्षणात उमगलं, आणि पुढच्या क्षणी त्यांनी जे केलं त्याला माझ्याकडे बरा शब्द नाही. त्यांनी कालचा दिवा विझवायचा हुकूम टाइप केला, एंटर दाबलं आणि मग, अगं बाई, किती शांतपणे विचारलं, "काका, कुठल्या मशीनची काढलीत?"

काकांनी नंबर वाचला.

"अहो, ते नव्हे! दिवा पुढच्या ओळीत आहे."

काकांची पावलं पुढच्या ओळीपर्यंत गेलेली ऐकू आली. मग काका म्हणाले, "हो ताई. पुढच्या ओळीत आहे खरा."

दिवसभर दवाखान्यांत माणसं ताटकळली. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून बहुतेक सगळं परत आणता आलं, सकाळच्या नोंदी तेवढ्या गेल्या. साहेबांनी चौकशी केली तेव्हा ताई म्हणाल्या, "मी बरोबर मशीनचा दिवा लावला होता." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लबाडी म्हणतात ती हीच. काका एवढंच म्हणाले, "डिस्क मी ओढली." ताई नामानिराळ्या राहिल्या.

पण सासूबाई शेजारणीपुढे सुनेचे गोडवे गायला लागल्या की ताई दार लोटून घ्यायच्या. रोज ठरवायच्या, आज बोलायचं, आणि रोज कच खायच्या. नवव्या दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, काकांचे डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत, उद्यापासून ते फाटकावर बसतील, आल्यागेल्याची नोंद ठेवतील.

"त्यांचे डोळे चांगले आहेत," ताईंच्या तोंडून निघालं. मग थांबताच येईना. विसरलेला दिवा, विझवलेला दिवा, साळसूदपणे विचारलेला तो प्रश्न, सगळं त्यांनी ओकून टाकलं. साहेबांनी चारचौघांत अशी हजेरी घेतली की कान गरम झाले. पण काकांचं फाटक टळलं.

लगेच ताईंनी काकांना फोन लावला. "काका, माझं चुकलं. दिवा मीच..."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "डिस्क हातात होती आणि माझ्या डोळ्यांदेखत तो विझला. म्हटलं, ताई आज सांगतील, उद्या सांगतील."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तुमचं नाव घ्यायला जीभ रेटेना."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनीच विषय बदलला. "आज काही काम आहे का?"

होतं. एका मशीनचा पंखा बदलायचा होता. ताईंनी हुकूम टाइप केला. "दिवा लावलाय, काका."

"दिसतोय," काका म्हणाले. पण मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला नाही. "नंबर काय म्हणालात?"

ताईंनी सांगितला. काकांनी मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."